ऑपरेशन फुकट, पण नेणार कोण?

भाकरी-कालवण उरकून रेडिओजवळ बसला असाल. आज कर्जाचं आणि हप्त्याचं बोलायचं नाही, डोळ्यांचं बोलायचं आहे. हिशोब मध्ये मध्ये येईलच, ती आमची खोड तुम्हाला ठाऊक आहे.

सुरुवात आमच्याच एका फसलेल्या कामापासून करतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तालुक्याच्या गावी डोळे तपासणीचं शिबिर होतं. तपासणी फुकट, मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट, चष्मासुद्धा फुकट. आम्ही सगळ्या गटांना निरोप दिले, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं, दवंडी दिली. आशाताईंनी आणि आम्ही मिळून यादी केली होती. नीट दिसत नाही अशा एकतीस जणी होत्या त्यात. शिबिराला पोचल्या चार. चौघीही डांबरी रस्त्यालगत राहणाऱ्या.

आम्ही चिडलो. बैठकीत बोलूनही दाखवलं, की बायकांना फुकटातसुद्धा किंमत नाही. मग वस्तीवरच्या एका आजींकडे गेलो. त्यांचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यावर सारा आलेला. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, ऑपरेशन फुकट, पण मला नेणार कोण? पोरगा कारखान्याला गेला. सून सोयाबीन काढायला जाती, तिचा रोज बुडवून तिला कशी म्हणू चल म्हणून? वडापचं जायचं-यायचं भाडं दोघींचं. तिथं ठेवून घेतलं तर खायचं काय? आणि आता मला बघून करायचं तरी काय हाय?"

आम्ही वहीत लिहिलं, ‘नकार’. आता वाटतं, तो शब्द चुकीचा लिहिला. त्या नाही म्हणाल्याच नव्हत्या, त्यांनी चार प्रश्न विचारले होते आणि आमच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या, खुबा मोडला. तेव्हापासून बाजेवर आहेत.

नंतर एका प्रशिक्षणात आम्ही तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाची माहिती ऐकली आणि मिळेल ते वाचलं. तेव्हा लक्षात आलं, की आजींचे हेच चार प्रश्न तिकडच्या म्हाताऱ्यांनीही विचारले होते. फरक एवढाच, की तिकडच्या डॉक्टरांनी वहीत ‘नकार’ लिहून वही मिटली नाही. त्यांनी दवाखानाच त्या प्रश्नांवर उभा केला. ते कसं केलं, तेच आज सांगायचं आहे.

त्याआधी मोतीबिंदू म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण गैरसमज फार आहेत. डोळ्याच्या काळ्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असतं. वय वाढलं की ते भिंग गढूळ होत जातं, काचेवर वाफ धरावी तसं. तो गढूळपणा कुठल्याही थेंबांनी, मधाने, झाडपाल्याच्या रसाने जात नाही. उलट असलं काही डोळ्यात घातलं तर असलेली नजरही जाऊ शकते. उपाय एकच: गढूळ भिंग काढायचं आणि तिथे नवं, माणसाने बनवलेलं भिंग बसवायचं. "मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा" असं आपल्याकडे अजून म्हणतात. जुन्या काळच्या पद्धतीत त्याला अर्थ होता, आता नाही. आणि हेही लक्षात ठेवा, मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. म्हणून कमी दिसतंय म्हणजे मोतीबिंदूच असणार, असं घरी बसून ठरवू नका.

तर आता मदुराईला जाऊ. मीनाक्षीच्या देवळाचं हे मोठं शहर तमिळनाडूच्या दक्षिण भागात आहे. तिथे 1976 साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. वय 58. त्या वयात आपल्याकडचा माणूस पेन्शनचे कागद घेऊन बँकेत जातो आणि पारावर बसतो. यांनी भाड्याच्या एका घरात अकरा खाटांचा डोळ्यांचा दवाखाना काढला. बहीण डॉ. नाच्चियार आणि मेहुणे डॉ. नम्पेरुमाळसामी, दोघेही डोळ्यांचेच डॉक्टर, ते सोबतीला आले.

हे वेंकटस्वामी शेतकऱ्याच्या घरातले. गावच्या शाळेत त्यांच्याकडे पाटी-पेन्सिल नव्हती. नदीकाठची वाळू आणून पसरायची आणि तिच्यात बोटाने अक्षरं गिरवायची. लहान असताना घरातल्या तीन चुलतबहिणी बाळंतपणात दगावल्या. तेव्हा मनाशी घेतलं, की आपण बाळंतपणाचं डॉक्टर व्हायचं. डॉक्टर झालेही, सैन्यात नोकरीला लागले, आणि ऐन तरुणपणी संधिवाताने धरलं. महिनोन्‌महिने अंथरुणात पडून होते. हाताची बोटं वाकडी झाली ती कायमची. बाळंतपणं करणं शक्य राहिलं नाही. मग ते डोळ्यांच्या डॉक्टरकीकडे वळले, आपल्या वाकड्या बोटांना जमतील अशी हत्यारं करून घेतली आणि त्या बोटांनी आयुष्यात एक लाखाहून जास्त डोळ्यांची ऑपरेशनं केली. 2006 साली ते गेले. आम्ही हे वाचताना आमच्या गटातली एकजण म्हणाली, "अन्‌ आपण गुडघा दुखतो म्हणून बैठकीला येत नाही." सगळ्या हसल्या, गुडघेदुखीवाल्यासुद्धा.

पण आम्हाला या माणसाच्या जिद्दीपेक्षा त्यांच्या दवाखान्याची वही जास्त बघायची होती. पैसा आला कुठून? इमारत वाढवायला बँका कर्ज देईनात. घर गहाण पडलं, घरातल्यांचे दागिने गेले. सोनं गहाण टाकून उभं केलेलं काम म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. पण दागिन्यांवर इमारत उभी राहते, दवाखाना चालत नाही. दवाखाना चालला तो एका साध्या रीतीवर. ज्याला पैसे देणं जमतं तो देतो, ज्याला जमत नाही तो देत नाही किंवा अगदी थोडे देतो. गरिबीचा दाखला मागत नाहीत. कुठल्या बाजूला जायचं हे रोग्याने स्वतः ठरवायचं. डॉक्टर मात्र तेच, ते दोन्हीकडे पाळीने काम करतात.

"मग सगळेच फुकटच्या रांगेत उभे राहतील की!" आमच्या सचिवबाईंचा पहिला प्रश्न हाच होता. तसं होत नाही, कारण पैसे देणाऱ्याला स्वतंत्र खोली मिळते, पंखा की एसी हे निवडता येतं, कुठल्या तऱ्हेचं भिंग आणि कुठली पद्धत हेही निवडता येतं. फुकटच्या बाजूला मोठं दालन आणि चटई. तिथे बहुतेकदा मोठ्या यंत्राशिवायची, छोट्या छेदाची पद्धत वापरतात. तिच्यानेही नजर उत्तम येते. म्हणजे फरक असलाच तर तो गादीत, खोलीत आणि पद्धतीच्या महागाईत आहे. डॉक्टरच्या हातात आणि डोळ्याच्या स्वच्छतेत फरक करत नाहीत. पैसे देणाऱ्यांकडून जे उरतं त्यातून फुकटवाल्यांचा खर्च निघतो. निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त ऑपरेशनं फुकट किंवा नाममात्र पैशांत होतात, तरी संस्था रोजच्या खर्चासाठी देणग्यांच्या तोंडाकडे बघत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोन रोग्यांचा खर्च एकाच्या पैशांतून निघतो कसा? इथे आपली हिशोबाची वही कामाला येते. पापडाचा धंदा आठवा. दोन किलो पापड केले तर गॅस, मजुरी, वाहतूक सगळं धरून पापड महाग पडतो. तेवढ्याच चुलीवर, तेवढ्याच बायकांनी, नीट वाटणी करून वीस किलो केले तर तोच पापड निम्म्यात पडतो. अरविंदवाल्यांनी डोळ्यांच्या ऑपरेशनचं असंच केलं. सगळ्यात महाग काय? डॉक्टरचा वेळ. मग डॉक्टरने फक्त तेच करायचं जे दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. नजर मोजणं, डोळ्याचा दाब बघणं, थेंब घालणं, भिंगाचा नंबर काढणं, रोग्याला तयार करणं, पट्टी, हत्यारं, समजूत घालणं, ही सगळी कामं दुसऱ्यांनी करायची. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरसाठी दोन टेबलं. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रोगी तयार. एक संपलं की डॉक्टर सूक्ष्मदर्शक फिरवून दुसरीकडे वळतो. साधारण डॉक्टर वर्षाला काही शे ऑपरेशनं करतो, तर इथला डॉक्टर दोन हजारांच्या आसपास करतो. हात बसलेला असतो, त्यामुळे चुकाही कमी.

आणि ती ‘दुसरी’ माणसं कोण, हे ऐका. बारावी झालेल्या खेड्यातल्या मुली. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या घरातल्या. संस्था त्यांना निवडते, दोन वर्षं शिकवते, शिकताना विद्यावेतन देते, राहायची सोय करते आणि मग कामावर घेते. हे प्रशिक्षण उभं करण्यात डॉ. नाच्चियार यांचा मोठा वाटा. आज संस्थेत काम करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त याच मुली आहेत. निवडताना मार्कांइतकंच, किंबहुना जास्त, मुलीचा स्वभाव बघतात, म्हाताऱ्या माणसाशी ती कशी बोलते ते. खेड्यातून आलेली घाबरलेली आजी खेड्यातल्याच पोरीचा हात धरून ऑपरेशनच्या खोलीत जाते. भाषा तीच, बोलण्याची ढब तीच. आम्हाला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाचं हेच वाटलं. दवाखान्यात आपल्या बाईला निम्मी भीती रोगाची असते आणि निम्मी तिथल्या माणसांची.

इथे एक खटकलेलं पण सांगतो, नाहीतर नुसती आरती ओवाळल्यासारखं होईल. काम फार दमवणारं आहे, शिस्त कडक आहे, आणि बऱ्याच मुली काही वर्षांनी लग्न झालं की सोडून जातात. एवढं शिकलेली मुलगी पुन्हा चुलीशी जाऊन बसली तर तिच्या शिक्षणाचं काय, तिचा पगार वाढत वाढत कुठवर जातो, तिला डॉक्टर व्हायची वाट आहे का, हे प्रश्न आमच्या बैठकीत निघाले. उत्तरावर एकमत झालं नाही. एकीचं म्हणणं, स्वस्त ऑपरेशन हे शेवटी या पोरींच्या कष्टावर उभं आहे. दुसरीचं म्हणणं, बारावीनंतर घरी बसून लग्नाची वाट बघण्यापेक्षा चार वर्षं मानाने कमावलं ते काय वाईट? आम्हाला दोघींचंही पटतं.

भिंगाचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पूर्वी ऑपरेशन करून गढूळ भिंग काढायचे आणि जाड, सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखा चष्मा द्यायचे. आपल्या आज्यांचे ते चष्मे तुम्हाला आठवत असतील. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. डोळ्यातच बसवायचं भिंग परदेशातून यायचं आणि एकेकाची किंमत शंभर डॉलरच्या घरात असायची. गरिबाला ते कोण बसवणार? तेव्हा 1992 साली अरविंदने ऑरोलॅब नावाचा स्वतःचा कारखाना काढला आणि तेच भिंग सुरुवातीला दहा डॉलरच्या आसपास, पुढे त्याहून स्वस्त बनवलं. हे भिंग आज शंभराहून जास्त देशांत जातं. आपल्या भागात कुणाच्या डोळ्यात बसवलेलं भिंग मदुराईहून आलेलं असू शकतं, याची तिला कल्पनाही नसेल.

आता येतो आमच्या आजींच्या चार प्रश्नांकडे.

अरविंदचे डॉक्टर सुरुवातीपासून खेड्यात शिबिरं घ्यायचे. शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात, बहुधा रविवारी. तपासायचे, मोतीबिंदू असेल त्याला सांगायचे, की मदुराईला ये, फुकट करतो. आणि लोक यायचे नाहीत. अगदी आमच्यासारखंच. फरक असा, की त्यांनी लोकांना नावं ठेवण्याऐवजी घरोघर जाऊन विचारलं. उत्तरं काय मिळाली असतील ते तुम्ही ओळखालच. भाडं नाही, तिथे खायचं काय, रोज बुडतो, सोबत कोण येणार, डोळा काढून घेतील का, आणि म्हातारपणात बघून काय करायचंय. मग त्यांनी शिबिराच्या दिवशीच बस उभी करायला सुरुवात केली. तपासणी झाली, मोतीबिंदू निघाला, की तिथूनच बसमध्ये बसायचं. दवाखान्यात जेवण, राहणं, औषध, ऑपरेशन सगळं संस्थेचं. दोन-तीन दिवसांत तीच बस गावात परत आणून सोडणार. पुढे महिन्याभराने पुन्हा जवळच येऊन डोळा तपासणार.

यात सोबत कोण, हा प्रश्न आपोआप सुटला. कारण एका गावचे, एका पंचक्रोशीतले दहा-पंधरा जण एकत्र जातात, एका दालनात चटईला चटई लावून झोपतात, एकत्र परत येतात. घरातल्या कुणाचा रोज बुडवायला नको. आळंदी-पंढरीला जाताना आपण दिंडीत जातो, एकटं जात नाही, तसंच हे.

शिबिराचा गावातला खर्च आणि धावपळ मात्र संस्था करत नाही. जागा, दवंडी, पत्रकं, मांडव, चहापाणी, हे गावातल्या मंडळाने, लायन्स क्लबसारख्या संस्थेने, कारखान्याने, शाळेने करायचं. दवाखाना डॉक्टर, मुली, यंत्रं आणि बस घेऊन येणार. सुरुवातीला आम्हाला हे जरा कंजूषपणाचं वाटलं. पण गावाने स्वतः मांडव घातला की गावातली माणसं घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना उठवून आणतात, नाहीतर मांडव मोकळा दिसतो आणि लाज जाते. हा हिशोब आपल्याला चांगला कळतो.

बोलावण्याबद्दलही त्यांनी शोध घेतला. 1980 च्या दशकात मदुराईच्या आसपासच्या गावांत निरनिराळ्या पद्धतीने लोकांना बोलावून पाहिलं. ज्यांचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय अशा माणसाने दारोदार जाऊन सांगितलं, तर त्याचा प्रभाव पडला. साहजिकच आहे. भोंगा सांगतो ते कानावरून जातं. शेजारची पारूबाई ओट्यावर बसून सुईत दोरा ओवून दाखवते तेव्हा पटतं. (पारूबाई आम्ही अशीच घेतली, कुणी मनाला लावून घेऊ नका.)

चष्म्याचंही तसंच. पूर्वी शिबिरात नंबर काढून कागद द्यायचे, की शहरात जाऊन चष्मा करून घ्या. फारच थोडे लोक घ्यायचे. मग त्यांनी भिंगं आणि चौकटी बरोबरच आणायला सुरुवात केली, तिथेच घासून-बसवून त्याच दिवशी हातात चष्मा. लगेच घेणारे कितीतरी वाढले. किंमत तीच, रोगी तोच, फक्त एक फेरी वाचली. मैत्रिणींनो, आपल्या बायकांचं आजारपण कितीदा या एका फेरीत अडकतं, ते मोजा कधीतरी.

एवढं सगळं करूनही ते समाधानी नव्हते, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटली. 1990 च्या दशकात त्यांच्या भागात पाहणी झाली. ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे त्यांच्यापैकी शिबिराला किती आले? शंभरातले जेमतेम सात. एवढ्या बस, एवढी शिबिरं, एवढं नाव, आणि सात! दुसरी संस्था असती तर तो आकडा कपाटात ठेवला असता. यांनी तो छापला. आणि ठरवलं, की शिबिर वर्षातून एक-दोनदा येतं, डोळा मात्र रोज दुखतो. तेव्हा कायमचं काहीतरी गावाजवळच पाहिजे.

त्यातून 2004 च्या सुमारास दृष्टिकेंद्रं सुरू झाली. सुरुवात थेनी भागात. छोट्या बाजारगावात दोन-तीन खोल्यांची जागा, त्यात त्याच शिकवलेल्या दोघी मुली. एक डोळे तपासते, दुसरी नावनोंदणी, चष्मा आणि समजावणं बघते. डोळ्याचा फोटो यंत्रातून काढून इंटरनेटवरून मोठ्या दवाखान्यात जातो आणि तिथला डॉक्टर पडद्यावरून त्या रोग्याशीच बोलतो. आज मोबाईलवर पोराचं तोंड रोज बघणाऱ्या आपल्याला याचं अप्रूप वाटणार नाही, पण वीस वर्षांपूर्वी त्या गावांत धड इंटरनेट नव्हतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या लोकांच्या मदतीने लांब पल्ल्याचं वायफाय उभं केलं तेव्हा ते जमलं. नाममात्र फी. बहुतेकांचं काम तिथेच उरकतं, चष्मा नाहीतर थेंब घेऊन माणूस दुपारच्या आत घरी. ज्याला खरंच ऑपरेशन लागतं तोच मोठ्या दवाखान्यात जातो. अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत आणि त्यांच्यामागे मदुराई, थेनी, तिरुनेलवेली, कोइम्बतूर, पुदुच्चेरी, चेन्नई अशी मोठी रुग्णालयं.

म्हणजे अकरा खाटांवरून ही व्यवस्था वर्षाला काही लाख ऑपरेशनांपर्यंत पोचली. पण आम्हाला विचाराल तर मोठेपण खाटांच्या आकड्यात नाही. रोगी आणि दवाखाना यांच्यामधलं अंतर हे दवाखान्याचं काम आहे, रोग्याचं नाही, असं त्यांनी धरलं.

आणि त्या अंतरात बाई जास्त अडकते. जगभरात आंधळेपण आणि अधू नजर पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते. एक तर बायका जास्त जगतात, आणि दुसरं, त्यांना दवाखान्यात उशिरा नेलं जातं. घरात दोन म्हातारी माणसं असली तर आधी कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, हे आपल्या गावात फिरून बघा. बाबांना पेपर वाचायचा असतो, पाराला जायचं असतं. आजीला काय, चूल तर हाताला पाठ आहे! हाताला पाठ असलेल्या त्या चुलीवर किती जणींचे हात भाजलेत, ते आम्ही या वर्षी यादी करताना पाहिलं.

आपल्याकडे अरविंद नाही, पण आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच 1976 सालापासून चालू आहे. त्यातून जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन भिंगासकट मोफत होतं. ऑपरेशन आहे, डॉक्टर आहे, भिंग आहे. बस नाही. भाकरी नाही. सोबत नाही. आणि नीट बघितलं तर या तीन गोष्टींना डॉक्टर लागतच नाही. त्या गटाच्या हातातल्या आहेत.

म्हणून या वर्षी ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. शिबिर सुगीत घ्यायचं नाही, बाजाराच्या दिवशी घ्यायचं नाही. तारीख ठरवायच्या आधी आम्हालाही विचारा, असं वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवलं, त्यांनी मानलं. दर गटाने दंडाच्या रकमेतून थोडे पैसे जीपच्या भाड्याला द्यायचे. यावर वाद झाला, कारण दंड भरणाऱ्या एक आणि जीपमध्ये बसणाऱ्या दुसऱ्याच. पण ठराव झाला. जीपमध्ये आज्यांबरोबर गटातल्या दोघी जाणार आणि ऑपरेशन होईतो पाळीने तिथेच राहणार, म्हणजे कुणाच्या सुनेचा रोज बुडायला नको. गेल्या वर्षी ऑपरेशन झालेल्या चौघींना आम्ही वस्त्यांवर घेऊन फिरलो. त्यातली एकजण प्रत्येक घरी गेली की आधी तांदळातले खडे निवडून दाखवायची, मग बोलायची.

आता सूचना नीट ऐका. तपासणी येत्या मंगळवारी. जीप सकाळी साडेसातला शाळेपाशी, मग वस्ती, मग तांडा. आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत घ्या. बीपीची, साखरेची गोळी चालू असेल तर पाकिटासकट आणा आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने बंद करू नका. साखर असलेल्या बायकांनी दिसत असलं तरी यायचं, कारण साखरेने डोळ्याचा मागचा पडदा खराब होतो आणि ते सुरुवातीला कळत नाही. डोळ्यात आदल्या दिवशी काजळ, तूप, काही घालू नका. ज्यांचं ऑपरेशन होईल त्यांच्या घरच्यांनी हे लक्षात घ्या: डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, आणि थेंब घड्याळ बघून घालायचे. डोळा लाल झाला, दुखायला लागला किंवा दिसेनासं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, लगेच आम्हाला नाहीतर आशाताईंना सांगायचं.

जीपमधली पुढची सीट आडवी होते. ती त्या वस्तीवरच्या आजींसाठी ठेवली आहे. खुबा मोडलेल्या माणसाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं का, हे आम्ही जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारलं. तपासणीला घेऊन या, मग बघू, असं ते म्हणाले. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "सून येणार नाही हां, तिला कामं हायत." आम्ही म्हटलं, सून नको, आम्ही आहोत. एक वाकळ आणि उशी लागेल तेवढी कुणीतरी शाळेपाशी आणून ठेवा.